कंपनी चार दिवसांत, कारखाना कधीच नाही: विकसनशील देशांत खासगी गुंतवणूक नेमकी कुठे अडते?

सारीपाट (धागाकर्ता)

आर्थिक सुधारणांची बातमी साधारण ठरलेली असते. कंपनी नोंदणीचे दिवस तीसवरून चारवर आले, एक खिडकी योजना सुरू झाली, गुंतवणूक परिषदेत इतक्या अब्ज डॉलरचे सामंजस्य करार झाले. दोन-तीन वर्षांनी त्याच देशाचे आकडे काढून बघावेत तर खासगी भांडवल उभारणी जिथल्या तिथे. मग 'भ्रष्टाचार', 'राजकीय इच्छाशक्ती' अशी घाऊक कारणं पुढे येतात. ती खोटी आहेत असं नाही, पण घाऊक कारणावर कुणाला काम करता येत नाही. कुठल्या टप्प्याला, कुठल्या कागदापाशी, किती पैसा अडतो हे सांगता आलं तर चर्चेला अर्थ.

जागतिक बँकेचा 'डूइंग बिझनेस' अहवाल आठवत असेल. २०१८ आणि २०२०च्या अंकांतल्या आकड्यांत गडबड निघाली आणि सप्टेंबर २०२१मध्ये तो कायमचा बंद झाला. पण ती गडबड झाली नसती तरी त्याचा मूळ दोष राहिलाच असता. देशातल्या सर्वांत मोठ्या व्यापारी शहरात एक कल्पित मर्यादित कंपनी धरायची, आणि तिला कायद्याने किती पायऱ्या नि किती दिवस लागतील हे वकील-हिशेबनिसांना विचारायचं, अशी ती पद्धत. त्यामुळे क्रमवारीत वर चढायचं तर नोंदणीचा अर्ज एक पानी करणं सर्वांत स्वस्त. अनेक सरकारांनी नेमकं तेच केलं.

आता प्रत्यक्ष प्रकल्पाची साखळी बघा. जमीन, पर्यावरण व बांधकाम मंजुरी, वीज-पाण्याची जोडणी, मालाचा खरेदी करार, कर्ज, यंत्रांची आयात, कराचा परतावा, नफ्याचं परकीय चलनात रूपांतर, आणि वाद झालाच तर त्याचा निवाडा. नऊ टप्पे, नऊ वेगळी खाती. प्रत्येक टप्पा वेळेत पार पडण्याची शक्यता ९० टक्के धरली (हे भलतंच उदार गृहीतक आहे), तरी सगळे नऊ वेळेत पार पडण्याची शक्यता ३९ टक्केच उरते. एक टप्पा अगदी शंभर टक्के सुधारला तर ती होते ४३. बातमी त्या एका टप्प्याची येते. गुंतवणूकदार बघतो ३९चे ४३ झाले ते.

माझं मत असं की प्रवेशाच्या परवान्यांवर आपण गरजेपेक्षा जास्त बोलतो आणि प्रकल्प सुरू झाल्यावर सरकारकडून यायच्या पैशांवर फारच कमी. वीज, जमीन, चलन, छोटे उद्योग यांतल्या जाणकारांनी आपापल्या टप्प्याचा हिशेब मांडावा.

कर्जवही

विजेपासून सुरुवात करतो, कारण तिथे आकडे स्वच्छ दिसतात.

१० मेगावॉटचा सौर प्रकल्प घ्या. भांडवली खर्च १ कोटी डॉलर, क्षमता वापर २० टक्के, म्हणजे वर्षाला १ कोटी ७५ लाख युनिट. देखभाल-बिखभाल बाजूला ठेवू आणि फक्त भांडवल २० वर्षांत व्याजासह वसूल करायचं धरू. भांडवलाचा सरासरी खर्च ६ टक्के असेल तर दरवर्षी ८.७ लाख डॉलर लागतात, म्हणजे युनिटमागे ५ सेंट. हाच दर १४ टक्के झाला की लागतात १५.१ लाख, युनिटमागे ८.६ सेंट. पॅनेल तेच, ऊन तेच. ऊन भरपूर असलेल्या गरीब देशात सौर वीज महाग का पडते, याचं बरंचसं उत्तर या दोन ओळींत आहे.

हा १४ टक्के दर येतो कुठून? सावकाराला खरेदीदाराची भीती असते. वीज विकत घेणारी एकच सरकारी कंपनी, आणि ती तोट्यात. प्रकल्प कर्जात बँक एक गुणोत्तर बघते, डीएससीआर. वर्षभरात कर्जफेडीसाठी उपलब्ध रोकड भागिले वर्षाचा हप्ता अधिक व्याज. साधारण १.३ मागतात. समजा महसूल १००, चालू खर्च २०, उरले ८०, हप्ता ६१.५ बसवला की गुणोत्तर १.३. आता वीज कंपनीने बिलं चार महिने उशिरा भरायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी हातात आले ६६.७, त्यातून चालू खर्च गेला, उरले ४६.७. गुणोत्तर ०.७६. नफ्या-तोट्याच्या पत्रकात प्रकल्प फायद्यात आहे आणि बँकेच्या दप्तरी थकबाकीदार! एकही युनिट कमी तयार झालेलं नाही.

म्हणून करारात संरक्षणाचे थर चढतात. आधी काही महिन्यांच्या बिलाइतकं फिरतं पतपत्र (वीज कंपनीने बिल थकवलं तर बँक भरेल अशी बँकेची हमी), वापरलं की पुन्हा भरायचं. मग एस्क्रो, म्हणजे ग्राहकांची वसुली थेट वेगळ्या खात्यात. त्यावर अर्थखात्याची हमी. त्याहीवर जागतिक बँकेसारख्या बहुपक्षीय संस्थेची अंशतः जोखीम हमी. शिवाय सावकाराला प्रकल्प ताब्यात घेण्याचा हक्क देणारा थेट करार, आणि करार मोडला तर किती रक्कम द्यायची याचं सूत्र.

फसतं ते पहिल्याच थराला. पतपत्र देणारी बँक वीज कंपनीकडे रोख मार्जिन मागते. वीज कंपनीकडे रोकड असती तर पतपत्र मागितलंच कशाला असतं? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मग पतपत्र 'करारानंतर सहा महिन्यांत देऊ' या कलमावर लटकतं, कर्जाचा पहिला हप्ता सुटत नाही आणि सामंजस्य कराराचा फोटो तेवढा उरतो.

उलटतपासणी

गणित मान्य. पण हे सगळे थर शेवटी जनतेच्या गळ्यात पडतात, हे कुणीतरी म्हणायला हवं.

घाना बघा. २०१२ ते २०१६च्या सुमारास तिथे भयंकर भारनियमन होतं. घाईघाईत सरकारने एकामागोमाग एक वीज खरेदी करार केले, बरेचसे स्पर्धात्मक निविदेशिवाय आणि 'वीज घ्या अथवा न घ्या, पैसे भरा' या अटीवर. २०१९च्या मध्यावधी अर्थसंकल्पी आढाव्यात अर्थमंत्र्यांनीच संसदेत सांगितलं की स्थापित क्षमता ५,०८३ मेगावॉट आहे, कमाल मागणी २,७०० मेगावॉटच्या आसपास, आणि न वापरलेल्या क्षमतेपोटी वर्षाला ५० कोटी डॉलरहून जास्त जातात. डिसेंबर २०२२मध्ये घानाने बहुतेक परकीय कर्जाची फेड थांबवली. सगळा दोष विजेचा नव्हता, पण वीज क्षेत्राची तूट त्या खड्ड्यात होतीच.

केनियातला तुर्काना सरोवराजवळचा पवन प्रकल्पही असाच. ३६५ पवनचक्क्या, ३१० मेगावॉट. खासगी कंपनीने आपलं काम २०१७च्या सुरुवातीला पुरं केलं. वीज वाहून नेणारी सुमारे ४३० किलोमीटरची वाहिनी सरकारने बांधायची होती. तिचा स्पॅनिश कंत्राटदार दिवाळखोरीत गेला आणि वाहिनी उजाडली २०१८च्या उत्तरार्धात. मधल्या काळात न वाहिलेल्या विजेची भरपाई सरकार आणि वीजग्राहकांनी सोसायची. करारात तसंच लिहिलेलं होतं.

म्हणून 'गुंतवणूकदाराची जोखीम कमी करा' असं कुणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न: कमी करा की दुसऱ्याच्या खांद्यावर टाका?

कर्जवही

@उलटतपासणी, तुमच्या दोन उदाहरणांत फरक आहे. तुर्कानात जोखीम योग्य माणसाकडेच होती. वाहिनीसाठी जमिनीचे हक्क मिळवणं सरकारच्याच हातात, मग उशीराचा भुर्दंडही त्याचाच. चुकलं ते वेळापत्रक. वाहिनीचा मार्ग आणि जमिनीचा मोबदला निकाली निघाल्याखेरीज भरपाईचं कलम लागू होणार नाही, अशी पूर्वअट घालता आली असती.

घानात मात्र मागणीचा अंदाजच कुणी एकत्र मांडला नव्हता. प्रत्येक करार सुटा बघितला तर ठीक होता, बेरीज कुणी केली नाही. यावरचा उपाय कंटाळवाणा आहे: अर्थखात्यात एकच नोंदवही, तीत प्रत्येक हमी आणि प्रत्येक किमान-देयक कलम, आणि दरवर्षी संसदेपुढे त्यांची बेरीज. दोन-तीन माणसांचं काम आहे. ते होत नाही, कारण हमी दिली त्या दिवशी अर्थसंकल्पात खर्च शून्य दिसतो. सही करणारा मंत्री वेगळा, बिल फेडणारा वेगळा.

आणि निविदा काढली तर काय होतं तेही सांगतो. झांबियात २०१६मध्ये सौर प्रकल्पांचा लिलाव झाला. करार, हमी, कर्जाच्या अटी आणि जागेचा अभ्यास हे सगळं आधी तयार करून बोलीदारांपुढे ठेवलं होतं. सर्वांत कमी बोली आली ६.०२ सेंट प्रतियुनिट, २५ वर्षांसाठी. कागदपत्रं आधी पक्की केली की बोलीदार अनिश्चिततेचं मूल्य किमतीत घालत नाही.

बांधावरून

जमिनीचं मी लिहिते. इथे लोक 'मालकी हक्काचा कागद' हा शब्द फार सैल वापरतात.

दोन पद्धती असतात. दस्त नोंदणीत सरकार फक्त 'असा व्यवहार झाल्याचा कागद आमच्याकडे आला' एवढंच म्हणतं. विकणारा मालक होता की नाही याची हमी देत नाही. हक्क नोंदणीत नोंदवहीतलं नाव हाच मालक, आणि चूक निघाली तर राज्य जबाबदार. अनेक विकसनशील देशांत पहिली पद्धत आहे, त्यात पारंपरिक सामूहिक हक्क मिसळलेले, त्यावर चराई-पाणवठ्याचे अलिखित हक्क. म्हणजे एकाच तुकड्यावर चार खरे दावेदार असू शकतात, आणि त्यांतला एकही खोटं बोलत नसतो.

गुंतवणूकदार काय करतो? जुन्या दस्तांचा शोध घेतो, मोजणी करतो, सरकारकडून भाडेपट्टा घेतो आणि थांबतो. जमीन प्रत्यक्षात कोण वापरतं याची पाहणी राहून जाते. ती एका हंगामात होत नाही, कारण गुरं चारणारे कोरड्या महिन्यांत येतात आणि पाहणी करणारे रस्ता बरा असताना. किमान एक पूर्ण वर्ष, ओल्या आणि सुक्या दोन्ही हंगामांत, वापराचा नकाशा करायला हवा. नुकसानभरपाईची यादी 'ज्याच्या नावावर' अशी केली की कूळ, स्त्रिया आणि चराईवाले गळतात. आणि रस्ता अडवायला तेच येतात.

मादागास्करचं प्रकरण टोकाचं, पण बोलकं आहे. २००८मध्ये एका दक्षिण कोरियन कंपनीने ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने १३ लाख हेक्टर जमिनीची बोलणी केल्याचं बाहेर आलं. असंतोष आधीपासून होता, त्यात ही भर पडली. मार्च २००९मध्ये सरकार गेलं आणि नव्या सत्ताधाऱ्यांनी पहिल्या झटक्यात तो व्यवहार रद्द जाहीर केला. सरकारशी केलेला करार म्हणजे जमीन वापरणाऱ्यांशी केलेला करार नव्हे.

उलट बाजूला रुवांडा. तिथे २००९ ते २०१३ या काळात देशभर एक कोटीहून अधिक तुकड्यांची नोंद झाली, तुकड्यामागे १० डॉलरहूनही कमी खर्चात. हे जमलं कारण त्यांनी सेंटिमीटरपर्यंत मोजणीचा हट्ट सोडला. हवाई छायाचित्रावर शेजाऱ्यांच्या समोर हद्द आखायची, तिथेच हरकत घ्यायची, उरलेले वाद बाजूला नोंदवायचे. अडचण नंतर आली. पुढच्या खरेदी-विक्रीची नोंद करायचं ठरावीक शुल्क लहान तुकड्याच्या किमतीच्या मानाने जड, म्हणून लोक पुन्हा आपसांत कागद करू लागले. नोंदवही बनवायला देणगीदार पैसे देतात. ती ताजी ठेवायचा खर्च कुणाच्या योजनेत नसतो.

चकमक

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). सारीपाट, हे चार धागे झाले असते.

अवांतर: नऊ टप्प्यांच्या हिशेबात टप्पे एकमेकांपासून स्वतंत्र धरलेत. प्रत्यक्षात एक खातं ढिलं असेल तिथे दुसरंही ढिलंच असतं. मग ३९चा आकडा थोडा वर जाईल.

सारीपाट

बरोबर, वर जाईल. पण मग एक टप्पा सुधारून होणारा फायदाही आणखी कमी होईल, कारण ढिलाईचं मूळ सामाईक. मुद्दा तसाच राहतो.

हुंडीवाला

चलनाबद्दल. इथे तीन वेगळ्या जोखमींचा नेहमी गोंधळ होतो.

एक, अवमूल्यन: स्थानिक चलनाची किंमत पडते. दोन, परिवर्तनीयता: बँकेत स्थानिक पैसा आहे पण डॉलर द्यायला कुणी तयार नाही. तीन, हस्तांतरण: डॉलर मिळाले, पण देशाबाहेर पाठवायची परवानगी नाही. जागतिक बँक गटातली मीगा ही संस्था १९८८पासून राजकीय जोखमीचा विमा देते. तिचा विमा दुसऱ्या आणि तिसऱ्याला लागू होतो, पहिल्याला नाही. 'चलन जोखमीचा विमा काढलाय' असं ऐटीत सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांना हे कलम वाचून दाखवावं लागतं. विम्यात प्रतीक्षाकाळही असतो. तेवढे दिवस रूपांतर अडलेलं राहिलं, आणि तुम्ही रीतसर अर्ज केल्याचा पुरावा असला, तरच दावा लागतो. अर्जाची पोच जपून ठेवली नाही म्हणून दावे घसरतात.

अवमूल्यनाचा हिशेब इजिप्तवरून करा. ६ मार्च २०२४ला पौंड मोकळा सोडला आणि डॉलरचा दर ३१च्या आसपासवरून ५०च्या जवळ गेला. वर्षाला १ कोटी डॉलरचा हप्ता असेल तर आदल्या दिवशी लागत होते ३१ कोटी पौंड, नंतर जवळजवळ ५० कोटी. विक्री पौंडांत असेल तर १.३चं गुणोत्तर एका दुपारीत ०.८वर येतं. वर कर्जवहींनी चार महिन्यांच्या उशीराने जे दाखवलं, तेच इथे एकही बिल न थकता होतं.

मग वीज दर डॉलरला बांधतात. म्हणजे जोखीम वीज कंपनीकडे, तिच्याकडून ग्राहकाकडे, आणि ग्राहकाचा दर वाढवायला राजकारण आडवं येतं. म्हणजे पुन्हा वीज कंपनीची थकबाकी. फिरून भोपळे चौकात.

खरा उपाय स्थानिक चलनातलं दीर्घ मुदतीचं कर्ज. ते नसतं, कारण बँकांच्या ठेवीच अल्पमुदतीच्या. २० वर्षं चालणाऱ्या प्रकल्पाला ५-७ वर्षांचं कर्ज बसवलं की सुरुवातीच्या वर्षांचा दर आभाळाला भिडतो. ॲम्स्टरडॅमची टीसीएक्स ही संस्था २००७पासून अशा चलनांत स्वॅप (डॉलरची देणी स्थानिक चलनात बदलून घेण्याचा करार) देते, पण स्वॅपची किंमत त्या देशातल्या व्याजदराएवढीच पडते. जोखीम नाहीशी होत नाही, फक्त तिची किंमत छापून मिळते.

परिवर्तनीयतेसाठी नायजेरिया. जून २०२३पर्यंत तिथे एकाच वेळी अनेक अधिकृत विनिमय दर होते. स्वस्त खिडकीचे डॉलर कुणाला मिळायचे हे मध्यवर्ती बँकेच्या मर्जीवर. विमान कंपन्यांचे तिकीट विक्रीचे ८० कोटी डॉलरहून अधिक तेव्हा अडकून पडले होते. अधिकृत आणि बाजारभावातली दरी जेवढी रुंद, तेवढा फायदा खिडकीजवळ उभ्या असलेल्याचा, आणि म्हणूनच दर एकत्र करायला सर्वांत जास्त विरोध त्याच ओळखीच्या आयातदारांचा.

छोटी चक्की

सगळे परकीय गुंतवणुकीवर बोलताहेत. बहुतेक देशांत खासगी गुंतवणुकीचा मोठा वाटा देशातल्याच लोकांचा असतो. त्यांना ना मीगाचा विमा, ना लवाद. त्यांचं घोडं कुठे पेंड खातं?

पहिलं, मूल्यवर्धित कराचा परतावा. निर्यातदाराच्या विक्रीवर कर शून्य, पण कच्च्या मालावर भरलेला कर सरकारने परत द्यायचा. कर १६ टक्के, करपात्र खरेदी विक्रीच्या ६० टक्के, म्हणजे उलाढालीच्या ९.६ टक्के रक्कम सरकारकडे जाऊन बसते. परतावा नऊ महिन्यांनी आला आणि खेळतं भांडवल २० टक्क्यांनी उचललेलं असलं तर नुसतं व्याज उलाढालीच्या १.४४ टक्के. निव्वळ नफा ८ टक्के असेल तर त्याचा सहावा हिस्सा गेला. कर कायद्यात हा कर शून्यच लिहिलेला आहे!

हे का होतं? महसूल खात्याचं उद्दिष्ट बहुधा ढोबळ वसुलीवर ठरतं. वर्षअखेरीला आकडा कमी पडत असला की परतावे अडवणं हा सर्वांत सोपा मार्ग. वर प्रत्येक दाव्याची शंभर टक्के तपासणी. जोखमीनुसार गट पाडून जुन्या, स्वच्छ निर्यातदारांना आधी पैसे आणि मागून तपासणी ही पद्धत माहीत सगळ्यांना आहे.

दुसरं, तारण. छोट्या उद्योगाकडे जमीन-इमारत नसते; यंत्रं, माल, येणी असतात. ती गहाण ठेवता यावीत म्हणून जंगम तारण नोंदवही लागते. घानाने २०१०मध्ये सुरू केली, आफ्रिकेत सुरुवातीच्या अशा नोंदवह्यांपैकी ती एक. चांगल्या नोंदवहीत अख्खा करार चढवायचा नसतो, फक्त सूचना: कर्जदाराची ओळख, मालमत्तेचं वर्णन, तारीख. आधी नोंद त्याचा आधी हक्क. शोध ऑनलाइन आणि स्वस्त. बिघडतं दोन ठिकाणी. एक, कर्जदाराला एकमेव ओळख क्रमांक नसतो, मग नावाच्या तीन स्पेलिंगांत तीन बँका तेच यंत्र गहाण धरतात. दुसरं, यंत्र जप्त करायला न्यायालयात दोन वर्षं. तोवर यंत्र भंगार. आणि कर खात्याचा गुप्त अग्रहक्क नोंदवहीत दिसतच नसेल तर बँक नोंदवहीवर विसंबत नाही, पुन्हा जमीनच मागते.

तिसरं सर्वांत मोठं. सरकारी ट्रेझरी बिलावर (सरकारच्या अल्पमुदतीच्या कर्जरोख्यावर) २०-२५ टक्के मिळत असताना बँकेने चक्कीवाल्याला कर्ज का द्यावं? कर्ज अधिकारी नको, तपासणी नको, बुडीत नको. तूट भरून काढायला सरकार जेवढं उचलतं तेवढी खासगी कर्जाची जागा जाते. यावर नोंदवह्या, कक्ष, पोर्टल असले कुठलेही उपाय चालत नाहीत.

पाणीपट्टी

छोट्या चक्कीशी शंभर टक्के सहमत. एक भर: सरकारी पुरवठादारांची थकबाकी. रस्ता कंत्राटदाराचं बिल अडलं की तो सिमेंटवाल्याचं थकवतो, सिमेंटवाला वाहतूकदाराचं, आणि शेवटी बँकेकडे तिघांची खाती बुडीत. मंत्रालय खर्चाचं वचन अर्थखात्याच्या यंत्रणेबाहेर कागदावर देतं, म्हणून थकबाकी किती हे कुणालाच ठाऊक नसतं. खरेदी आदेशावर यंत्रणेचा क्रमांक नसेल तर तो सरकारवर बंधनकारक नाही असा नियम करता येतो. पहिल्या वर्षी आरडाओरडा होतो.

उलटतपासणी

सुधारणा न होण्यामागे अज्ञान नसतं हे आता दिसतंय. प्रत्येक अडथळ्यावर कुणीतरी जगतं.

ट्युनिशियात २०११च्या उठावानंतर माजी राष्ट्राध्यक्ष बेन अली यांच्या कुटुंबाच्या २२० कंपन्या जप्त झाल्या. मग त्यांचे आकडे तपासता आले. रोजगारात वाटा १ टक्क्याहून कमी, आणि खासगी क्षेत्राच्या निव्वळ नफ्यात सुमारे एक पंचमांश. या कंपन्या मुख्यतः होत्या कुठे, तर प्रवेशाला परवाना लागतो आणि परकीय मालकीवर मर्यादा आहे अशा क्षेत्रांत. गुंतवणूक कायदा वरून 'प्रोत्साहनाचा' होता.

म्हणून धागाकर्त्यांच्या मूळ विधानाशी मी अर्धाच सहमत. प्रवेशाचे परवाने किरकोळ नाहीत. साध्या कंपनीचे सुटसुटीत होतात. नफ्याच्या क्षेत्रांतले तसेच राहतात.

सारीपाट

हे मान्य करतो. दूरसंचार, बंदर, बँक, आयात यांचे परवाने वेगळे काढायला हवे होते.

मग परवाने खरंच गेले ते कसे? व्हिएतनामचा १९९९चा उद्योग कायदा १ जानेवारी २०००पासून लागू झाला. त्याआधी 'परवानगी मागा' अशी पद्धत, नंतर 'नोंद करा आणि सुरू करा'. पण कायद्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्याच वर्षी शंभरावर उपपरवाने रद्द झाले. त्यासाठी पंतप्रधानांच्या अखत्यारीत वेगळा कार्यगट होता, आणि परवाना टिकवायचा असेल तर गरज सिद्ध करायची जबाबदारी संबंधित खात्यावर. उलट पद्धतीत, म्हणजे 'अनावश्यक परवाने कळवा' असं परिपत्रक काढलं की प्रत्येक खातं कळवतं: निरंक.

एक खिडकीचं गाडं इथेच अडतं. खिडकीवर बसलेल्या माणसाला मंजुरीचा अधिकार दिलेला नसतो, तो फक्त अर्ज पुढे पाठवतो. मग नऊ कार्यालयांची दहा होतात.

हुंडीवाला

इंडोनेशियाने १९८५मध्ये तर सीमाशुल्क खात्याच्या हातून आयात मालाची तपासणीच काढून घेतली आणि एसजीएस या स्विस कंपनीकडे दिली. माल निघण्याच्या बंदरातच तपासणी. १९९७मध्ये काम पुन्हा खात्याकडे. बाहेरून क्षमता भाड्याने आणता येते, मधल्या बारा वर्षांत घरची उभी केली नाही तर येरे माझ्या मागल्या.

झांबिया-झिंबाब्वे सीमेवरच्या चिरुंडूत डिसेंबर २००९मध्ये एकत्रित सीमाचौकी सुरू झाली. ट्रकने दोनदा थांबायच्या ऐवजी एकदा. तिथली खरी मेहनत कायद्याची होती: एका देशाच्या अधिकाऱ्याला दुसऱ्या देशाच्या भूमीवर आपला कायदा लागू करायचा अधिकार द्यावा लागतो. इमारत हा सोपा भाग.

चकमक

दोन शंका. विशेष आर्थिक क्षेत्रं आणि करसवलती यांनी हे सगळं टाळता येत नाही का? आणि सरकारने शब्द फिरवला तर आंतरराष्ट्रीय लवाद आहेच की.

कर्जवही

क्षेत्रांबद्दल: चीनने १९८०मध्ये शेन्झेनसह चार क्षेत्रं काढली, तिथे स्थानिक प्रशासनाला मंजुरीचे खरे अधिकार होते. मॉरिशसने १९७०मध्ये कुंपणच घातलं नाही. निर्यात क्षेत्र हा कारखान्याचा कायदेशीर दर्जा होता, कारखाना बेटावर कुठेही. जिथे फक्त करमाफी दिली आणि फाटकाबाहेरचा रस्ता, वीज, बंदर तसंच ठेवलं तिथे शेड रिकाम्या पडल्या. करमाफी नफ्यावर असते. नफाच होणार नसेल तर माफी कशाची?

आता मोठ्या समूहांना तीही पुरती लागत नाही. २०२१च्या जागतिक करारानुसार ७५ कोटी युरो किंवा अधिक उलाढालीच्या बहुराष्ट्रीय समूहावर किमान १५ टक्के कर. यजमान देशाने सोडलेला कर कंपनीचा मूळ देश वसूल करू शकतो. म्हणजे गरीब देशाने दिलेली सवलत श्रीमंत देशाच्या तिजोरीत.

लवादाबद्दल: १९५८च्या न्यूयॉर्क करारामुळे परदेशी निवाडे बजावता येतात, आणि गुंतवणूकदार विरुद्ध सरकार अशा वादांसाठी आयसीएसआयडी हे जागतिक बँक गटातलं लवाद केंद्र १९६६पासून आहे. पाकिस्तानातल्या रेको दिक खाणीच्या वादात जुलै २०१९मध्ये ५.८ अब्ज डॉलरच्या वरचा निवाडा झाला. पण वाद सुटला तो २०२२मध्ये, खाणीची मालकी नव्याने वाटून घेतल्यावर. निवाडा हे वाटाघाटीतलं वजन असतं, रोकड नव्हे. कोचाबांबाचा पाणीपुरवठा करार बोलिव्हियाने एप्रिल २०००मध्ये जनआंदोलनानंतर रद्द केला. कंपनीने दावा केला आणि २००६मध्ये नाममात्र रकमेवर सोडून दिला. तिथे दर आधी वाढले, नळ नंतर येणार होते. असा क्रम कुठलंही कलम वाचवू शकत नाही.

बांधावरून

चकमक, देशी छोट्या उद्योजकाला त्या दोन्हीतलं काहीच मिळत नाही, हेही लक्षात घ्या. त्याचा वाद जिल्हा न्यायालयात.

चकमक

समजलं. मग क्षमता मर्यादित आहे, एकाच वर्षात एकच काम होईल, तर कुठलं? सगळं महत्त्वाचं आहे हे उत्तर नको.

छोटी चक्की

परताव्यांसाठी वेगळं खातं. रोजच्या मूल्यवर्धित कर वसुलीतला ठरावीक टक्का आपोआप तिथे, अर्थखात्याच्या हप्त्याची वाट न बघता. उद्दिष्ट निव्वळ वसुलीवर. आणि प्रलंबित दाव्यांची रांग, दाखल तारखेनुसार, संकेतस्थळावर. नवा कायदा सहसा लागत नाही.

पाणीपट्टी

टक्का किती ठेवायचा यावर सगळं आहे. गेल्या तीन वर्षांच्या मंजूर दाव्यांवरून काढू नका, कारण मंजुरीच दाबून ठेवलेली असते. दाखल दाव्यांवरून काढा, त्यातून सरासरी नामंजुरी वजा करा. आणि जुनी थकबाकी या खात्यातून फेडायची नाही. तिच्यासाठी वेगळे रोखे काढा. नाहीतर पहिल्याच तिमाहीत खातं कोरडं पडतं आणि नवे दावे जुन्यांच्या मागे उभे राहतात.

सारीपाट

रोखे व्याजासह की बिनव्याजी?

पाणीपट्टी

व्याजासह, आणि हस्तांतरणीय. बिनव्याजी दिले तर कुठलीही बँक दर्शनी किमतीला वटवत नाही, आणि सरकारलाही ते फेडायची घाई राहत नाही.